हुशारीचा देव्हारा आणि संघटनेचे काम

परभणी जिल्ह्यातून रात्रीच्या गाडीने पुण्याला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये आता कोडिंग शिकायला निघालेलेही असतात. कुणी गंगाखेडचा, कुणी पूर्णेची, कुणी जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा. क्लासची फी बापाच्या मजुरीतून किंवा आईच्या बचतगटाच्या कर्जातून भरलेली असते. हिंजवडीत पाय ठेवला की या पोरांच्या कानावर लवकरच एक वाक्य पडते: सॉफ्टवेअर हे हुशार डोक्यांचे काम आहे. दहा जणांचे काम एकटा करणारा 'टेन-एक्स' प्रोग्रामर, रात्रभर जागून सिस्टीम उभी करणारा 'रॉकस्टार', अशा गोष्टी सांगितल्या जातात. ज्याचे इंग्रजी अडखळते आणि ज्याने कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तोच मुळी कॉलेजात, तो त्या गोष्टी ऐकून गप्प बसतो. आपण त्या जातकुळीचे नाही, असे त्याला वाटू लागते.

मित्रांनो, आम्ही या लेखात एकच गोष्ट सांगणार आहोत. ते वाक्य अर्धे खोटे आहे आणि त्या खोट्या अर्ध्याची किंमत आपला समाज मोजतो आहे. सॉफ्टवेअरला तांत्रिक ज्ञान लागते, यात वाद नाही. पण सॉफ्टवेअर तरते किंवा बुडते ते बहुतेक वेळा संघटनेवर: काम कसे वाटले, काय ठरले ते लिहून ठेवले का, एकाने सोडलेले दुसऱ्याला उचलता येते का, आणि वापरणाऱ्याचे कुणी ऐकून घेतले का. हे कौशल्य आपल्याकडे आहे, पण त्याला कौशल्य म्हणायची सवय आपल्याला नाही.

मेरिटने कपडे बदलले

'हुशार डोके' ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या पणजोबांना सांगितले गेले की विद्या हे ठरावीक घरात जन्मलेल्या डोक्यांचे काम आहे. आपल्या वडिलांना वर्गात ऐकवले गेले की तुम्ही मेरिटचे नाही. आता आपल्याला सांगितले जाते की तुम्ही रॉकस्टार नाही. शब्द बदलले, मांडणी तीच राहिली. गुण हा माणसाच्या आत उपजत असतो, तो एका परीक्षेत मोजता येतो आणि एकदा मोजला की शिक्का आयुष्यभर चिकटतो, अशी ही मांडणी.

हा शिक्का किती लांब जातो याचा अंदाज घ्या. २०२० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को या कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल केला. एक दलित अभियंता आयआयटीत आरक्षणातून आला होता हे सहकाऱ्यांना सांगून त्याला कमी लेखले गेले, असा त्यातला आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. दोन अभियंत्यांवरचा दावा राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवू. आम्ही बोट ठेवतो ते एवढ्यावरच: सतराव्या-अठराव्या वर्षी दिलेल्या परीक्षेची यादी सातासमुद्रापार माणसाच्या मागे येते, अशी तक्रार आजच्या जगातही करावी लागते. मधल्या काळात त्या माणसाने काय काम केले, किती जणांना सोबत घेऊन केले, हे त्या यादीत कुठेच नसते.

एकट्या प्रतिभावंताची गोष्ट जिथे चालते तिथे प्रतिभावंत कोणाला म्हणायचे, हे आधीपासून बसलेले लोक ठरवतात. संघटनेच्या कामाचा हिशेब मात्र उघड असतो. काम झाले की नाही हे सगळ्यांना दिसते. म्हणून हा वाद आपल्यासाठी केवळ आयटीतला अंतर्गत वाद नाही.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ साल

आता आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायचे ठरवले. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, सर्व्हरवर ठेवायच्या आणि प्राध्यापकांनी संगणकावर बसून गुण द्यायचे. कल्पना चांगली होती. बेरजेच्या चुका टळतात, तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव दिसत नाही. असे सॉफ्टवेअर बनवणे हे काही अशक्य कोटीतले काम नव्हते, तशी तपासणी इतरत्र होत होती.

पण उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांहून जास्त. एवढा डोंगर स्कॅन करायला किती दिवस लागतील, किती प्राध्यापकांना प्रशिक्षण द्यावे लागेल, कोणत्या विषयाचा गठ्ठा कोणाच्या लॉगिनला जाईल, एखादी पुरवणी सुटली तर ती शोधणार कोण, आधी एखाद्या लहान शाखेवर प्रयोग करून पाहायचा का, हे सगळे प्रश्न संघटनेचे होते. विद्यापीठाने पहिल्याच झटक्यात सगळ्या शाखा त्या पद्धतीवर घेतल्या. निकाल रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. उत्तरपत्रिका गहाळ झाल्याच्या आणि अदलाबदल झाल्याच्या तक्रारी आल्या. पुढच्या प्रवेशांसाठी गुणपत्रिका हवी असलेली मुले विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून हटवले गेले.

या प्रकरणात एखाद्या अलौकिक बुद्धीच्या प्रोग्रामरची उणीव होती, असे कोण म्हणेल? उणीव होती ती आधी मोजणाऱ्याची, विचारणाऱ्याची, आणि 'एवढ्या घाईत हे होणार नाही' असे वेळेत सांगणाऱ्याची. त्याहून मोठी उणीव होती ती असे सांगणाऱ्याचे ऐकणाऱ्या व्यवस्थेची.

मोठे सॉफ्टवेअर कसे उभे राहते

जगाचा अनुभवही हेच सांगतो. फ्रेडरिक ब्रुक्स या माणसाने १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत ओएस/३६० या प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीमचे काम सांभाळले आणि १९७५ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे टाकली की ते आणखी लांबते, हा त्याचा निष्कर्ष सॉफ्टवेअर क्षेत्रात नियम म्हणून ओळखला जातो. कारण साधे आहे. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की एकमेकांशी बोलण्याचे धागे त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. तीन माणसांत तीन धागे, दहा माणसांत पंचेचाळीस. ते धागे सांभाळणे हेच मुख्य काम होऊन बसते.

लिनक्सचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने ते सुरू केले. १९९२ मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम या नावाजलेल्या प्राध्यापकाने जाहीरपणे सांगितले की ही रचना तांत्रिकदृष्ट्या कालबाह्य आहे. त्याच सुमारास हर्ड नावाचा दुसरा प्रकल्प सुरू होता. तो १९९० मध्येच सुरू झाला होता आणि त्याची रचना कागदावर जास्त सुंदर मानली जात होती. आज काय दिसते? अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे, जगभरच्या सर्व्हरवर लिनक्स आहे. हर्ड मात्र थोड्या जाणकारांच्या वर्तुळाबाहेर गेलाच नाही.

टॉरवाल्ड्स हुशार नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण लिनक्स वाढले ते त्याच्या एकट्याच्या डोक्यामुळे नाही. अर्धवट का होईना, काम लवकर लोकांपुढे ठेवायचे, कुणीही दुरुस्ती पाठवायची, प्रत्येक भागाला एक सांभाळणारा नेमायचा, त्याने तपासून ती वर पाठवायची आणि प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचे नाव राहायचे, अशी शिस्त तिथे बसत गेली. हजारो माणसांचा हा पसारा नीट चालावा म्हणून २००५ मध्ये गिट हे साधन बनवले गेले. आज तुम्ही क्लासमध्ये जे गिट शिकता, त्याचा जन्म संघटनेच्या गरजेतून झालेला आहे. आणि २०१८ मध्ये याच टॉरवाल्ड्सला सहकाऱ्यांशी उर्मट वागल्याबद्दल माफी मागून काही काळ बाजूला व्हावे लागले, प्रकल्पाने वागणुकीचे नियम स्वीकारले. बुद्धी असली म्हणून माणसांना तुडवायचा परवाना मिळत नाही, हे त्या जगालाही मान्य करावे लागले.

७६३५ दुरुस्त्या

आता आपल्या घरातले उदाहरण. एखादा मजकूर अनेकांनी मिळून लिहायचा, प्रत्येक बदल नोंदवायचा, स्वीकारला तर का आणि नाकारला तर का हे सांगायचे, हे काम गिटच्या कितीतरी आधी या देशात झाले आहे. ते म्हणजे भारताचे संविधान.

घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या पहिल्या मसुद्यात २४३ कलमे होती. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ती ३१५ झाली. मसुदा लोकांपुढे मांडला गेला, सूचना मागवल्या गेल्या. कलमवार चर्चा संपली तेव्हा संख्या ३८६ होती आणि अंतिम संविधानात ३९५. वाटेत ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कुणाची सूचना आली, तिचे काय झाले, याची नोंद संविधान सभेच्या कामकाजात आजही वाचायला मिळते. आजच्या भाषेत बोलायचे तर ही एका दस्तऐवजाची संपूर्ण व्हर्जन हिस्ट्री आहे.

बाबासाहेबांच्या विद्वत्तेबद्दल आपण रोज बोलतो. कोलंबिया, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, सगळ्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. पण समितीतल्या सात जणांपैकी कुणी राजीनामा दिला, कुणाचे निधन झाले, कुणी परदेशात गेले, आणि भार अखेर बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितले. ढासळती तब्येत सांभाळत, विरोधकांचे ऐकून घेत, प्रत्येक दुरुस्तीला उत्तर देत तो मसुदा शेवटाला नेणे हे केवळ विद्वत्तेने होत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी श्रेय कसे वाटले तेही पाहा. बी. एन. राव यांचे नाव घेतले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे घेतले, आणि मध्यरात्रीपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही आठवण ठेवली. टीम कशी चालवायची याचा धडा आपल्याला कॅलिफोर्नियातून मागवायची गरज नाही.

संघटन आपल्या चळवळीच्या हाडात आहे. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, तिची वसतिगृहे, वाचनालये. १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद, जिथे आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण आठवतो, पण पाण्याचा तो हिशेब कुणीतरी आधी मांडला होता, म्हणून हजारो माणसे तिथे राहू शकली. मराठवाड्यात २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत साडेपंधरा वर्षे लढा टिकला, तो एखाद्या हुशार भाषणावर टिकला नाही. आजही गावोगावी जयंती मंडळाची पोरे वर्गणीची पावती फाडतात, मिरवणुकीची परवानगी काढतात, मंडपवाल्याशी भाव ठरवतात, जेवणाचा अंदाज बांधतात आणि शेवटी हिशेब फळ्यावर लावतात. कंपनीत याच कामाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचा पगार देतात.

कामाची नव्हे, कामगारांची विभागणी

इथे एक सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. संघटनेचे काम मोठे आहे असे आम्ही म्हणतो, याचा अर्थ कंपनीत जे मिळेल ते काम मुकाट्याने करा असा काढू नका.

बाबासाहेबांनी सांगितले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तीही चढत्या-उतरत्या पायऱ्यांची. आता सॉफ्टवेअर कंपनीकडे या नजरेने पाहा. वर आर्किटेक्ट, जो 'विचार' करतो. खाली कोड लिहिणारे. त्याच्या खाली टेस्टिंग. त्याच्याही खाली रात्रपाळीचा सपोर्ट, डेटा भरणे, जुन्या कोडची झाडलोट. बैठकीचे टिपण काढणे, नव्या मुलाला शिकवणे, दोन टीममधली भांडणे मिटवणे, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणे, ही कामे तर कुणाच्या पदनामात नसतातच. या सांधणाऱ्या कामाला तिथे 'ग्लू वर्क' म्हणतात. इमारत त्या डिंकावर उभी असते, पण बढतीच्या वेळी डिंकाचे नाव निघत नाही. आणि हे काम बहुतेक वेळा कोणाच्या पदरात टाकले जाते? मुलींच्या, आणि ज्याला 'नाही' म्हणायची भीती वाटते त्याच्या. आपली मुले त्यात येतात.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. संघटनेच्या कामाला कमी लेखू नका, आणि ते बिननावाने करूही नका. प्रत्येक कामाची लेखी नोंद ठेवा. बग तुम्ही शोधला तर टिकिटावर तुमचे नाव असू द्या. कार्यपद्धती तुम्ही लिहिली तर कागदावर नाव आणि तारीख घाला. वार्षिक मूल्यमापनात 'टीमला मदत केली' असे मोघम लिहू नका. 'नवे तीन जण माझ्या लिखाणावरून आठवड्यात कामाला लागले' असे लिहा. टेस्टिंगमध्ये असाल तर कोड वाचायला शिका, सपोर्टमध्ये असाल तर डेटाबेस शिका. पायरी मोडायची असेल तर पायरीवर बसून राहता येत नाही.

मग तंत्र शिकायचे नाही का?

काही मित्र विचारतील, की मुलाखतीत तर अल्गोरिदमचे कोडे घालतात, तिथे जयंती मंडळाचा अनुभव कोण विचारतो? बरोबर आहे. दारावरचा पहारेकरी कोडे घालतो, म्हणून कोडे सोडवायला शिकावेच लागेल. रोज दोन तास सराव करा, इंग्रजी वाचा, पाया पक्का करा. संघटनेच्या नावाखाली अर्धवट ज्ञान लपवणारा माणूस आम्हाला नको आहे. ज्याला स्वतःला कोड कळत नाही आणि जो फक्त तारखा विचारत फिरतो, त्या माणसाने प्रकल्प बुडवल्याची उदाहरणेही भरपूर सापडतील. संघटन म्हणजे हुकूम सोडणे नव्हे.

पण दाराचे नियम आणि घरातले काम एकच आहे असे समजू नका. आत गेल्यावर नवा कोड लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचा कोड वाचण्यात, बदलण्यात आणि दुसऱ्याला समजावण्यात जास्त दिवस जातात. बुद्धीच्या जोरावर आत गेलेले कित्येक जण तिथे अडकतात, कारण त्यांना 'मला हे समजले नाही' असे म्हणता येत नाही. आपल्या मुलांनी तो न्यूनगंड टाकून द्यावा. प्रश्न विचारणे हे या धंद्यातले सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी साधन आहे.

परभणीत हे कशासाठी लागते

हा सगळा विचार केवळ पुण्यातल्या नोकरीसाठी नाही. तो इथे, आपल्या जिल्ह्यात लागतो.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे बंद, दगडफेक, पोलिसांची धरपकड, आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. या लढ्यात कशाच्या आधारावर पुढे जाता आले? शवविच्छेदन अहवालात अनेक जखमांचा उल्लेख होता, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल होता, आणि माघार न घेणारी त्याची आई होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. घोषणा रस्त्यावर लागतातच, पण न्यायालयात कागद बोलतो.

आता या अनुभवावरून एका साध्या सॉफ्टवेअरचा विचार करू. ॲट्रॉसिटी कायद्यात तारखा ठरलेल्या आहेत. तपास करून ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले पाहिजे. आरोपपत्रानंतर खटला शक्यतो दोन महिन्यांत निकाली निघाला पाहिजे. पीडिताला अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळाले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या प्रत्येक प्रकरणात यातली कोणती तारीख उलटून गेली, हे एका नजरेत दाखवणारी नोंदवही आपल्याकडे हवी.

ती बनवायला किती तांत्रिक प्रतिभा लागते? जवळजवळ नाहीच. एक साधी शीट, तारखेत ६० मिळवण्याचे एक सूत्र, मुदत जवळ आली की लाल होणारा रकाना. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी एका दुपारी बनवून देईल. अवघड आहे ते पुढचे. पालम किंवा सोनपेठमध्ये गुन्हा नोंदला गेला हे कळवणार कोण? एफआयआरची प्रत मिळवणार कोण? दर आठवड्याला त्या कुटुंबाला फोन करणार कोण? भरलेली माहिती दुसरा कोण तपासणार? पीडितांची नावे आणि पत्ते बाहेर जाऊ नयेत म्हणून शीट कोणाला दिसेल आणि कोणाला नाही, हे कोण ठरवणार? माहिती भरणारा कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला गेला तर त्याच्या जागी कोण बसणार? या सहा प्रश्नांची उत्तरे ज्या गटाकडे आहेत, त्याचे सॉफ्टवेअर चालेल. ज्याच्याकडे नाहीत, त्याने कितीही देखणे ॲप बनवले तरी ते उद्घाटनाच्या फोटोपुरते उरेल.

शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, मग समाजकल्याण विभागाकडे. अर्ज परत आला आणि विद्यार्थ्याने वेळेत पाहिलेच नाही तर वर्ष जाते. विहारात दर रविवारी दोन मुलांनी लॅपटॉप घेऊन बसायचे, वस्तीतल्या प्रत्येक अर्जाची स्थिती बघायची आणि वहीत लिहायची. एवढ्याने जे होईल ते कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेने होणार नाही.

आपला स्वतःचा देव्हारा

शेवटी आपल्या चळवळीबद्दल. एकट्या प्रतिभावंताचा देव्हारा फक्त आयटीत नाही, आपल्याकडेही आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि काही वर्षांतच गट पडायला लागले. प्रत्येक गटाचा एक नेता, प्रत्येक नेत्याचे एक डोके, आणि त्या डोक्यातले लिहून ठेवलेले कुठेच नाही. नेता गेला की ठराव गेले, पत्ते गेले, हिशेब गेले. सॉफ्टवेअरवाले एक प्रश्न विचारतात: तुमच्या टीममधला कोण उद्या अचानक नसला तर काम बंद पडेल? ज्या टीमचे उत्तर 'एकच माणूस' असे असते ती टीम धोक्यात असते. हा प्रश्न आपल्या प्रत्येक मंडळाने, प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारावा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात दिला होता. तो कोडिंगच्या टीमलाही लागू आहे आणि जयंती मंडळालाही.

म्हणून आमची तरुणांना तीन कामांची विनंती आहे. एक, तालुक्याच्या ठिकाणी विहारात किंवा वाचनालयात पाच-सहा जणांचा गट करा आणि एकच छोटे काम हातात घ्या: ॲट्रॉसिटीची नोंदवही, शिष्यवृत्तीची वही किंवा ग्रंथालयाची यादी. दोन, पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा: काय ठरले, कोणी करायचे, कधीपर्यंत, झाले का. तीन, सहा महिन्यांनी गटप्रमुख बदला आणि नव्या प्रमुखाला जुन्याला फोन न करता काम चालवता येते का ते पाहा. येत असेल तर तुम्ही संघटना उभी केली. येत नसेल तर कुठे लिहायचे राहिले ते शोधा आणि लिहा.

जी मुलगी हे काम सहा महिने करेल ती पुण्यातल्या मुलाखतीत मान खाली घालून बसणार नाही. 'टीममध्ये काम केल्याचा अनुभव सांगा' असे विचारले तर तिच्याकडे खरे उत्तर असेल. आणि नोकरी मिळाली नाही तरी पालमच्या एखाद्या कुटुंबाला साठावा दिवस कधी आहे हे तिच्यामुळे माहीत असेल.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला 'शिका' हा शब्द आपण मनावर घेतला, 'संघर्ष करा' हाही घेतला. संगणकाच्या युगात मधल्या 'संघटित व्हा'ला पुन्हा हातात घेण्याची वेळ आली आहे.

जय भीम! जय संविधान!